घसरला म्हणालो, जळाला म्हणालो नाही

मुळशीच्या प्रवासावर मी पूर्वी एकदा लिहिलं आहे. एका दिवाळी अंकात ते छापून आलं होतं आणि तेव्हा वाचलेली माणसं भेटली की अजून हसतात. लाल रंगाची विलायती मोटार पिरंगुटच्या घाटात अडते, दोन बैल तिला ओढून वर नेतात, आणि हे सगळं का, तर एका खेडुताने मोटारीच्या क्लचला बैलगाडीचं वंगण फासलं म्हणून. त्या खेडुताचं नाव मी 'वंगणोबा' ठेवलं होतं.

तो प्रवास आता मी पुन्हा लिहितो आहे. रस्ता तोच आणि माणसंही तीच. पहिल्या वेळी जे गाळलं होतं ते या वेळी आहे, आणि जे पदरचं घातलं होतं ते नाही.

पुण्याहून पौडला

गाडी माझा मित्र नाना याची. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्याने ती घेतली होती. दोन माणसांची, उघडी, आणि इतकी बुटकी की आत बसून हात बाहेर सोडला तर रस्त्याला लागेल असं वाटायचं. नानाला ती नीट चालवता येत नव्हती. मी एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढायचो, त्यामुळे मित्रांत मोटारीतलं कळणारा माणूस म्हणून माझं नाव होतं. त्या नावावर मी फार खूश होतो.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी गाडी तपासायला घेतली. क्लचचं पेडल मला ढिलं वाटलं. दाबलं की पहिलं बोटभर ते नुसतंच खाली जायचं, मग कुठे जोर लागायचा. मी पाना घेऊन गाडीखाली शिरलो आणि तो ढिलेपणा पार काढून टाकला. नानाने पेडल दाबून पाहिलं.

"वा! आता कसं कडक झालं," तो म्हणाला. "साहेबाला एवढं कळलं नाही बघ."

ज्यांनी मोटार चालवलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन आणि चाकं यांच्या मधोमध क्लच असतो. त्यात एक चकती दुसरीवर घट्ट दाबून बसलेली असते, म्हणून इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचतो. पेडल दाबलं की चकत्या सुटतात. पेडलाचं ते बोटभर रिकामं जाणं ही खोट नव्हे. पेडलावर पाय नसताना चकत्यांनी एकमेकींना पुरतं धरावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. मी ते काढलं, म्हणजे क्लच सारखा थोडासा दाबलेलाच राहिला. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पाना हातात असताना आठवलं नाही.

वैशाखातली सकाळ होती. कोथरूडची शेतं मागे टाकून चढाला लागलो. मी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला तशी इंजिनाची घरघर वाढत गेली, पण गाडीचा वेग होता तेवढाच राहिला, उलट किंचित कमीच झाला. नानाची टोपी वाऱ्याने उडून मागे गेली होती आणि तो हसत होता.

"ऐक, ऐक! काय गर्जना करतेय!"

मी ऐकत होतो. त्या गर्जनेत जळक्या सुतळीसारखा वास मिसळला होता.

पौडला हॉटेलसमोर थांबलो. नाना भजी सांगायला आत गेला. गाडीभोवती माणसं जमली.

"ही बसल्यावानी का दिसतीया?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"थकली आसंल पुन्याहून येऊन," दुसरा म्हणाला. "चा पाजा तिला. उठून उभी ऱ्हाईल."

सगळे हसले, मीही हसलो. मग गाडीत बसून मी ती परीक्षा घेतली जी कुठलाही मेस्त्री घेतो. हातब्रेक पक्का ओढला, वरचा गियर टाकला, इंजिन थोडं वाढवलं आणि पेडलावरचा पाय हळूहळू काढला. क्लच धड असेल तर इंजिन घुसमटतं आणि जागच्या जागी बंद पडतं. गाडी अडवलेली आहे, चकत्यांनी एकमेकींना धरलं आहे, मग ते फिरणार कसं?

मी पाय पूर्ण काढला. इंजिन फिरतच राहिलं. जणू पलीकडे गाडी जोडलेलीच नव्हती.

मी इंजिन बंद केलं. माझ्या हाताने एका रात्रीत मी मित्राची गाडी जाळत आणली होती. नाना भज्यांचा पुडा घेऊन आला.

"काय रे? चेहरा का असा?"

"काही नाही. इंजिन तापलंय."

या प्रवासातलं हे माझं पहिलं खोटं.

तलावाकाठी

मुळशीला आम्ही रखमाजीकडे उतरलो. रखमाजी दरवर्षी नानाच्या घरी आंबेमोहोर तांदूळ घेऊन यायचा, त्या ओळखीवर. तलावाच्या वरच्या अंगाला त्यांची लहानशी वाडी होती. जुनी खाचरं धरणाच्या पाण्यात गेलेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांचे बांध वर येत. रखमाजीने बोट करून दाखवलं, "त्यो तिसरा बांध आमचा. पावसाळ्यात पुन्ना जातुया खाली."

घरात तिघंच. रखमाजी, त्याची बायको सारूबाई आणि धाकटा भाऊ धोंडिबा. सारूबाईला दिवस भरत आले होते. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावरचं हे पहिलं मूल, त्यामुळे दोघेही भाऊ तिला पाण्याचा हंडा उचलू देत नव्हते. ती त्यांना दाद देत नव्हती ते वेगळं. आमची मोटार पाहून ती दारातूनच म्हणाली, "एवडालीशी व्हय! आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यात मावंल की." आणि खरंच, जरा वेळाने जाऊन पाहतो तर दोन कोंबड्या नानाच्या गादीवर बसलेल्या.

आमच्याकडे पुण्यात पाहुण्याला विचारतात, "चहा घेणार का?" आणि तो नको म्हणाला तर घरच्यांना बरं वाटतं. इथे कुणी काही विचारलंच नाही. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, लसणाची चटणी आणि वाफाळता आंबेमोहोर भात समोर आला. त्या भाताचा वास ओसरीभर पसरला होता. नाना तिसऱ्यांदा भात घेताना म्हणाला, "रखमाजी, तुम्ही आम्हाला विकता तो हाच का?"

"त्योच. पर हितलं पानी न्हाई की तुमच्याकडं."

दुपारी सगळे लवंडल्यावर मी गाडीखाली शिरलो आणि काढलेला ढिलेपणा पेडलाला परत दिला. पण चकतीचा थर जळून गुळगुळीत झाला होता. सपाटीवर गाडी चालली असती. चढावर मात्र मी आणि नाना उतरून ढकलू, असा विचार मी केला. नानाला यातलं काही सांगितलं नाही. तो तेव्हा तळ्यात पाय सोडून बसला होता आणि अतिशय सुखात होता.

धुळीने म्हणा किंवा माझ्या खाटखुटीने म्हणा, पेडल आता करकरू लागलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गाडी सावलीला हलवत असताना धोंडिबा जवळ आला.

"सायब, कुरकुरतीया की."

"करकरू दे. काही होत नाही."

"आवो, आसं कसं? माजी गाडी दारात उभी ऱ्हायली तरी कुत्रं भुकत न्हाई. आखाला वंगन हाय म्हून. आवाज म्हंजी मालकाची लाज."

आणि खरंच, त्याची बैलगाडी जवळून गेली तरी चाहूल लागत नसे. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दात घासत होतो तेव्हा तो वंगणाची नळी घेऊन आला, मोटारीत वाकला आणि पेडल जिथे हलतं त्या बिजागरीला त्याने काडीने काळं वंगण लावलं. तिथेच, दुसरीकडे कुठेही नाही. मी शेजारी उभा राहून पाहत होतो. मग त्याने हाताने पेडल दाबून पाहिलं. आवाज गेला होता. तो रखमाजीला ओरडून म्हणाला, "दादा, पुन्याची मोटार दुरुस्त किली म्या!" रखमाजी म्हणाला, "आता फी घे सायबाकडनं."

एवढं हसणं होतंय तोच आतून सारूबाईची हाक आली.

वाडीतली सुईण आली. आत गेली, बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि पदराने हात पुसत म्हणाली, "पोर आडवं हाय. माज्या हातचं न्हाई. पुन्याला न्या."

रखमाजी पायात वहाणा सरकवत होता. "धरनावर जीप आसती. मागून आनतो."

"जीप कशाला?" नाना म्हणाला. "आपली मोटार दारात आहे की! हा घेऊन जाईल. जीपपेक्षा दुप्पट पळते."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रखमाजीने विचारलं, "सायब, जाईल न्हवं?"

त्या क्षणी मला फक्त 'जीप आणा' एवढंच म्हणायचं होतं. कारण सांगायचीही गरज नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे घाट उभा होता, पौडला न थांबलेलं इंजिन ऐकू येत होतं, आणि नाना माझ्याकडे मोठ्या विश्वासाने पाहत होता.

"जाईल," मी म्हणालो.

पिरंगुटचा घाट

सारूबाई माझ्या शेजारच्या जागेवर, अंगाखाली गोधडी. रखमाजी मागे गुंडाळलेल्या टपावर बसला होता, बायकोचे खांदे धरून. नानाला जागाच नव्हती, तो वाडीतच राहिला. पिरंगुटपर्यंत रस्ता सरळ होता आणि गाडी पळाली. मला वाटू लागलं होतं की जमेल. सारूबाई डोळे मिटून होती. कळ आली की ती माझी बाही धरायची, मग ओशाळून सोडायची.

घाट लागला. पहिलं वळण चढलो. दुसऱ्याला इंजिन ओरडायला लागलं आणि गाडीचा वेग ओसरत गेला. मी खालचा गियर टाकला. ओरडणं वाढलं. तोच जळका वास आला. मग गाडी थांबली. इंजिन पूर्ण ताकदीने फिरत होतं आणि आम्ही रस्त्यात उभे होतो. मग ती हळूच मागे सरकायला लागली.

रखमाजीने उडी मारली आणि मागच्या चाकाला धोंडा लावला.

"काय झालं?"

"क्लच घसरतोय," मी म्हणालो.

हा आमच्या धंद्यातला शब्द. चकती जळून गुळगुळीत झाली, पकड सुटली, की क्लच घसरला म्हणतात. मेस्त्री असता तर त्याने लगेच विचारलं असतं, कशाने जळाला, कुणी जाळला? रखमाजी मेस्त्री नव्हता. घसरणं म्हणजे काय हे त्याला चांगलं ठाऊक होतं, पण ते शेवाळावरून आणि तेलावरून.

"सकाळच्याला धोंड्यानं वंगन लावलं. त्यानं घसरतुया?"

बिजागरीवरचं वंगण चकतीपर्यंत जात नाही. जाऊच शकत नाही, मध्ये लोखंडाची भिंत असते. हे मला जितकं स्पष्ट ठाऊक होतं तितकं जगात दुसरं काही ठाऊक नव्हतं. मी 'जळालाय' म्हणालो असतो तरी पुरलं असतं. वंगणाने काही जळत नाही हे त्यालाही कळलं असतं.

"असेल," मी म्हणालो.

हा शब्द तोंडातून गेल्यावर मलाच धक्का बसला. मी वळून सारूबाईकडे पाहिलं. तिचे डोळे उघडे होते. तिने ऐकलं होतं.

पुढचं तुम्ही माझ्या जुन्या लेखात वाचलं आहे. खालून एक बैलगाडी आली, तिचे बैल सोडून मोटारीला जाड दोराचा सोल बांधला, एका बैलाने मोटार हुंगली, मग दोघांनी तिला वर ओढलं. ते सगळं तसंच घडलं. त्या लेखात फक्त मोटारीत कुणी नव्हतं. खरं तर मोटारीत सारूबाई होती, तिच्या दातात पदराचा बोळा होता, आणि रखमाजी उन्हात चाकामागे धोंडा सरकवत, सरकवत चढत होता. बैलांना घाई कळत नाही. माथ्यावर पोचलो तेव्हा गोधडी भिजलेली होती.

माथ्यापासून पुण्यापर्यंत बहुतेक उतार, गाडी नीट आली. इस्पितळात सारूबाई वाचली. मूल गेलं. मुलगी होती.

संध्याकाळी नाना आणि धोंडिबा एस.टी.ने येऊन पोचले. धोंडिबा धावतच आला. रखमाजी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"तुज्या वंगनानं माजी पोर मारली," एवढंच तो म्हणाला.

धोंडिबा माझ्याकडे वळला. तो काय विचारणार ते मला कळलं आणि मी नानाला घेऊन औषधाच्या दुकानाकडे निघालो.

पुन्हा पौड

लेख मी त्याच वर्षी लिहिला. संपादकांना काहीतरी हलकंफुलकं हवं होतं. लिहिताना मला बरं वाटलं, हे कबूल करतो. बैल, टोपी, कोंबड्या, वंगणोबा. असा लिहिला की घडलेलं सगळं मलाच गमतीचं वाटू लागलं. नानाही हसला. तो इस्पितळात सगळं पाहून आला होता, पण घाटात काय बोलणं झालं ते त्याला कधीच कळलं नाही.

एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यावर मी एकटाच एस.टी.ने पौडला उतरलो. का गेलो, तर झोप येईनाशी झाली होती म्हणून. हॉटेल तेच होतं. मी रखमाजीच्या वाडीला जाणारं कुणी आहे का, असं विचारलं.

"वंगनोबाची वाडी का?" कपबशा विसळणारा माणूस म्हणाला.

मी चहाचा पेला खाली ठेवला.

"काय नाव म्हणालात?"

"वंगनोबा वो. धोंडिबा त्यो. पुस्तकात छापून आलं हुतं त्याचं. मास्तरांनी चावडीवर वाचून दाखवलं, आमी लई हसलो. पोराटोरांना त्याचं खरं नाव ठावंच न्हाई आता."

मी लेखात वाडीचं नाव घातलं नव्हतं. माणसाचं नाव बदललं होतं. त्यावर मी निर्धास्त होतो. पण लाल बुटकी मोटार त्या वाटेवर एकच आली होती.

पुढच्या एस.टी.ने मुळशी गाठली आणि वाडीकडे पायी निघालो. दूरवरून एक आवाज येत होता, जनावर रडावं तसा, लांब आणि चिरका. वळणावर बैलगाडी दिसली. चाकांचा आख कोरडा ठणठणीत होता. वर धोंडिबा बसला होता. केस पांढरे झाले होते.

त्याने मला ओळखलं. खाली उतरला. रामराम केला नाही.

"धोंडिबा, आखाला..." मी म्हणालो.

"न्हाई लावत," तो म्हणाला. "हात लावत न्हाई वंगनाला. त्या दिसापास्नं."

रस्त्यातच उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं. पाना, पेडल, पौडची परीक्षा, जीप. संपल्यावर त्याने बैलांच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं तो मला मारील. मारायला हवं होतं.

"माज्याम्होरं काय बोलताय?" तो म्हणाला. "दादाम्होरं बोला."

घराच्या ओसरीत आता मधोमध काटक्या-मातीचा कूड उभा होता. दोन दारं, दोन चुली. धोंडिबा त्याच्या बाजूला कुडाशी उभा राहिला आणि मी रखमाजीच्या बाजूला. मी पुन्हा सगळं सांगितलं. सारूबाई आतून येऊन उंबऱ्यात बसली. तिला नंतर मूल झालं नव्हतं.

रखमाजीने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"तुमी भला मानूस. त्याला वाचवाया बोलताय."

"नाही रखमाजी, खरं सांगतोय."

"मंग छापल्यालं खोटं हाय व्हय? मास्तरांनी समद्या गावाम्होरं वाचलं. वंगनानं घसरला आसंच लिवलंया. छापल्यालं खोटं आसतं कुटं?"

मी लेखक म्हणून मिरवणारा माणूस. माझ्याच तोंडचं खरं माझ्याच छापलेल्या खोट्यापुढे टिकत नव्हतं.

मग सारूबाई बोलली. आवाज चढवला नाही.

"त्ये छापलं कुनी? ह्यांनीच न्हवं? मंग ह्येबी छापा."

"छापतो," मी म्हणालो.

"आनि त्यात मला घाला. मास्तरांनी वाचलं तवा मी समदं ऐकलं. बैल हायेत, कोंबड्या हायेत. मी कुटंच न्हाई. मोटारीत मीच व्हते न्हवं?"

कुडापलीकडे धोंडिबा अजून होता हे आम्हा तिघांनाही कळत होतं. सारूबाईने तिकडे पाहिलं. "भावजी, च्या ठिवलाय," ती म्हणाली. कुणी उठलं नाही. तेव्हा ती स्वतः उठली आणि कप कुडावरून पलीकडे दिला. पलीकडच्या हाताने तो घेतला. रखमाजी तळ्याकडे तोंड करून बसून राहिला.

मी पुण्याला आलो आणि छापलं नाही. पुढच्या दिवाळीला मी दुसरंच काही दिलं, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही. आधी नानाची भीड होती. नाना गेल्यावर माझीच होती. मुळशीला पुन्हा गेलो नाही. धोंडिबा गेल्याचं मागे कुणाकडून तरी कळलं. सांगणाऱ्याने 'वंगणोबा गेला' असं सांगितलं. सारूबाई आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. असतील तर कुणीतरी त्यांना हे मोठ्याने वाचून दाखवावं, आणि कूड असेल तर दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं.

मोटारीत सारूबाई होत्या. क्लच जळाला होता आणि तो मी जाळला. धोंडिबाने वंगण फक्त पेडलाच्या बिजागरीला लावलं होतं. त्यानंतर ते पेडल पुन्हा कधी करकरलं नाही.